बोटभर शिलाई

“बाई, मी चारचौघांसारखा माणूस आहे हो. मला एक हात डावा आहे आणि एक उजवा.”

गणिताचे मास्तर नवा शर्ट अर्धवट अंगात घालून दुकानाच्या मधोमध उभे होते. डावा हात बाहीत मुकाट गेला होता. उजव्याचे मात्र काही जमेना. खांद्यापाशी कापड गोळा झाले होते आणि कुणीतरी मागून गचांडी धरल्यासारखे मास्तर एका अंगाला कलले होते. त्यांच्या वर्गातल्या पोरांनी हे पाहिले असते तर त्यांना वर्षभर पुरले असते.

दुकानाच्या मालकिणीने, कात्रीने, पुढे होऊन बाही चाचपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. नुसत्या कापल्या नव्हत्या, जोडल्या होत्या, वर झोकात इस्त्रीही मारली होती. शिलाई शिकायला येणाऱ्या पोरीसुद्धा असला पराक्रम करत नाहीत.

“उद्या न्या मास्तर. माझं चुकलं.”

“तुमचं? चुकलं?” मास्तरांना शर्टापेक्षा या गोष्टीचाच धक्का बसला. “तब्येत बरी आहे ना?”

“मला काय धाड भरलीय! पोटाशी कसा बसतोय ते सांगा.”

मास्तरांनी पोट आत ओढून आरशात पाहिले. “मागच्या खेपेएवढंच आहे ना हो?”

“तेवढंच,” कात्री म्हणाली.

तेवढे मुळीच नव्हते. मास्तरांचे पोट दर वर्षी आपल्या गतीने पुढे चालले होते आणि कात्री दर वर्षी गुपचूप बोटभर कापड जास्त सोडत होती. ही तिच्या वडिलांची शिकवण. माप घ्यायचे, पण मोठ्याने बोलायचे नाही. जो सुटलाय त्याला सुटल्याचे कळू द्यायचे नाही, जो आजारातून उठलाय त्याला रोडावल्याचे कळू द्यायचे नाही. गिऱ्हाईक आरशात खूश दिसले पाहिजे, बाकीचे शिलाई बघून घेते, असे वडील म्हणत. वडील गेले, दुकान तिच्या गळ्यात पडले. त्या दुकानावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, लग्ने झाली, तिचे स्वतःचे तेवढे राहून गेले. राहून गेल्याचे आता तिला फारसे वाईटही वाटत नसे. गल्लीतल्या प्रत्येकाच्या कमरेचा आकडा तिला पाठ होता आणि आजवर तिने तो कुणाजवळ उघड केला नव्हता, या गोष्टीचा तिला थोडा अभिमानच होता.

लोक तिला पाठीमागे कात्री म्हणत ते हातातल्या कात्रीमुळे नव्हे, तोंडातल्या. पण अलीकडे ही कात्री बोथट झाली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीनवर बसली की उठावेसे वाटे, उठली की दारात जावेसे वाटे, आणि दारात गेली की नजर आपोआप समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाई. तिथल्या खिडकीत दोरीवर एक लाल झबले वाळत असे. ते दिसले की ती परत मशीनवर येऊन बसे.

ते झबले घंटीच्या मुलाचे.

घंटी म्हणजे तिची मैत्रीण, बसमधली कंडक्टर. तिकिटांच्या पिशवीचा पट्टा घासून तिचा गणवेश नेहमी एकाच खांद्यावर विरायचा, तो दुरुस्त करता करता दोघींची ओळख झाली. ओळखीची मैत्री व्हायला वेळ लागला नाही, कारण दोघींनाही दिवसभर लोकांशी गोड बोलावे लागे आणि संध्याकाळी कुणालातरी मनसोक्त शिव्या द्यायच्या असत. एकमेकींना नावेही त्यांनीच ठेवली. फिट्टंफाट.

लग्नाला कितीतरी वर्षे झाल्यावर, सासरच्या आणि माहेरच्या सगळ्यांनी विषय काढणेही सोडून दिल्यावर, घंटीला दिवस गेले. मुलगा झाला. नवरा दूर एका पुलाच्या कामावर क्रेन चालवायचा. पोराला बघायला आला आणि परत जाताना त्याच्या आवळलेल्या मुठी बघून म्हणाला, “हा पैलवान होणार.” तेच नाव चिकटले. नशिबाला काही काही चेष्टा भारी आवडतात. पैलवान अंगच धरेना.

दवाखान्यातल्या नर्सबाई प्रत्येक खेपेला त्याला वजनकाट्यावर ठेवत आणि ‘च्च’ करत. त्या एका च्चने घंटीचा आख्खा दिवस जाई. घरी सासूबाई होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण गप्प बसणे हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. “आमची पोरं कशी मांडीवर मावायची नाहीत,” असे त्या भिंतीला सांगत आणि भिंतीच्या जागी नेमकी घंटी असे. घंटीचे जेवणावरचे लक्ष उडाले. दूध आटत चालले. नर्सबाई म्हणाल्या, “आई आनंदात असेल तर दूध येतं. अशा रडत बसलात तर कुठून येणार?” घंटीने हे नाक पुसत पुसत कात्रीला सांगितले आणि कात्रीने ते वाक्य घट्ट धरून ठेवले.

त्याच दिवशी घंटीने झबली नाड्या बदलायला टाकली होती.

कात्रीने नाड्या बदलल्या. मशीन चालूच होते, लाल दोरा लावलेलाच होता. तिने लाल झबल्याच्या दोन्ही कडांची शिलाई बोटभर आत घेतली. बाह्या जराशा आखडल्या. मग बाकीच्यांचेही तसेच केले. काम एवढेसे, मास्तरांच्या शर्टाच्या नेमके उलटे. मनात तिने सगळे जुळवून ठेवले होते. झबले घट्ट झालेले बघून घंटी हसेल. हसली की जेवेल, जेवली की दूध येईल, दूध आले की पोर बाळसे धरेल. मग एक दिवस गुपचूप शिलाई उसवून टाकायची. खोट्याचे आपोआप खरे होऊन जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी घंटी रस्त्यातूनच ओरडत आली. “कात्री! अगं लाल झबलं घट्ट झालं! काखेत रुततंय!”

तिथपर्यंत सगळे मनासारखे झाले. घंटी हसली. जेवायला लागली. दूध तर इतके आले की झोपेत कपडे भिजायचे. सासूबाईंनी भिंतीशी बोलणे बंद केले. कात्रीने ‘आता मोठ्या मापाची हवीत’ म्हणून नवी झबली शिवून दिली, ती जुन्याच मापाची. सगळे झाले, फक्त पोर वाढले नाही. आणि पोर वाढतेय या आनंदात घंटीने त्याला वजनाला नेणे सोडून दिले.

*

मास्तर पायरी उतरताहेत तोच घंटी दुकानात शिरली. खांद्यावर पैलवान, दुपट्यात गुंडाळलेला.

“सुट्टी संपली माझी! आत्ताच डेपोत सांगून आले, पुढच्या आठवड्यापासून गाडीवर. साहेब म्हणतात, तुमच्यावाचून पॅसेंजर फार शेफारलेत.”

“आणि आज ते मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं ना तुला? मुलांच्या डॉक्टरकडे?” कात्रीने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत विचारले. दोरा काही जाईना.

“नर्सबाईंनी चिठ्ठी दिलेली, ते होय? नाही जात मी.”

“का गं?”

“कशाला जायचं? पोराला कपडे पुरेनासे झालेत. परत तो काटा, परत ते च्च. आता कुठं माझं बरं चाललंय, त्याला कशाला नाट लावायचा?”

“तरी पण एकदा दाखवून यायला काय हरकत आहे? त्या डॉक्टर आठवड्यातून एकदाच बसतात म्हणालीस. नंतर तू गाडीवर.”

“तू पण सुरू झालीस?” घंटी कापडे बेतायच्या टेबलाच्या कडेला टेकली आणि तिने पोराला पाजायला घेतले. “अगं, काट्यापेक्षा मला तुझ्या हाताचा भरवसा आहे.”

कात्रीच्या बोटाला सुई टोचली. तिने बोट तोंडात घातले आणि पोराकडे पाहत राहिली. पैलवानाने आधी अधाशासारखे ओढले. मग थांबला. नाकपुड्या फेंदारल्या, छातीचा भाता भराभर हलू लागला. पुन्हा ओढले, पुन्हा थांबला. डोक्यावर पंखा गरगरत होता, टेबलावरचे कागदी नमुने उडू नयेत म्हणून त्यांवर इस्त्री ठेवावी लागत होती, आणि या एवढ्याशा पोराचे कपाळ घामाने निथळत होते. बघता बघता तो तोंड उघडे टाकून झोपला. ओठाच्या कोपऱ्यातून दूध तसेच ओघळत होते.

“झालं पोट भरून,” घंटी म्हणाली.

“दमतो का गं हा पिताना?”

“पैलवान आहे. मेहनत करून पितो.”

कात्रीने बोट तोंडातून काढले. आता बोलायलाच हवे होते. “घंटे, ऐक ना. ते लाल झबलं...”

“या पडद्यांना चुण्या कशा घालाल?” म्हणत एक बाई कापडाचे भलेमोठे गाठोडे घेऊन आत आल्या आणि त्यांनी ते टेबलावर आपटले. पैलवान दचकला. घंटी त्याला थोपटत उठली, “झबल्याचं काय ते नंतर बोलू, संध्याकाळी ये,” म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

पडदेवाल्या बाई चुण्यांबद्दल बोलत होत्या. कात्री हो हो करत होती. बाई गेल्यावर तिला एक अक्षर आठवेना.

ती मशीनवर बसली. मास्तरांच्या शर्टाची बाही उसवायला घेतली, अर्ध्यात टाकली. उठून पाणी प्यायली. इस्त्री लावली, ती तशीच राहिली आणि वास आल्यावर बघते तर टेबलावरच्या जाड कापडाला तपकिरी डाग पडलेला. ती चपला घालून रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. संध्याकाळी ये म्हणालीय. संध्याकाळी जाऊ. पण डॉक्टर दुपारचे. आज गेली नाही तर पुढच्या आठवड्यात ही गाडीवर, पोर सासूबाईंपाशी, मग कोण नेणार आणि कधी? आणि नेले नाही तर? इथपर्यंत विचार आला की ती पुन्हा उठे.

दुसरेही एक होते, तेही खरे सांगायला हवे. तिला भीती वाटत होती. हे सांगितले की घंटी गेली, हे तिला स्वच्छ दिसत होते. या गल्लीत तिला ताई म्हणणारे होते, मावशी म्हणणारे होते, बाई म्हणणारे तर सगळेच. पण दार ढकलून आत येऊन ‘ए कात्री, चहा टाक’ म्हणणारी एकच होती. ती गेली तर संध्याकाळी दुकान बंद करून करायचे काय?

मग तिला पोराच्या कपाळावरचा घाम आठवला. तिने ड्रॉवरमधून ब्लेड उचलले, दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि रस्ता ओलांडला.

*

दार उघडेच होते. सासूबाई जमिनीवर बसून वाटाणे सोलत होत्या. घंटी पोराला मांडीवर घेऊन गणवेशाचे बटण लावत होती.

“संध्याकाळी ये म्हटलं होतं, दुपारीच उगवलीस,” ती म्हणाली. “बस. चहा टाकते.”

“चहा नको.” कात्री सरळ खिडकीपाशी गेली. दोरीवरचे लाल झबले तिने काढले. ते अजून दमट होते. ती तिथेच खाली बसली आणि तिने ब्लेडचे टोक कडेच्या शिलाईत घातले.

“अगं ए! फाडतेस काय?”

“उसवतेय.”

टाके पटपट सुटले. हात सवयीने चालत होते. शिलाई पुरी सुटल्यावर तिने कापड दोन्ही हातांनी ताणून घंटीसमोर धरले. आतले कापड बाहेरच्यापेक्षा गडद लाल होते, आणि बोटभर अंतरावर जुन्या टाक्यांच्या भोकांची सरळ रांग दिसत होती.

“ही आधीची शिलाई. आत्ता उसवली ती नंतरची. ती मी घातली. नाड्या बदलायला दिली होतीस ना, तेव्हा.”

“मग?” घंटी हसत होती. तिला अजून काही कळले नव्हते.

“पैलवान वाढला नाहीय, घंटे. झबलं लहान झालं होतं. मी केलं होतं.”

वाटाण्याच्या शेंगांचा आवाज थांबला.

कात्रीने पुढे होऊन दुसऱ्या कडेचीही शिलाई सोडली आणि झबले पोराच्या अंगात घातले. गळा एका खांद्यावरून खाली घसरला. घंटीने आधी तो सारखा केला, एखादा गळा सारखा करावा तसा. तो पुन्हा घसरला. मग तिने आपला हात पोराच्या बरगड्या आणि कापड यांच्यामधून आत घातला. मनगटापर्यंत आख्खा हात आत गेला, तरी जागा उरली.

“आणि नवी? तू नंतर दिलीस ती?”

“तीही. जुन्याच मापाची.”

“का?”

“तू रडत होतीस. जेवत नव्हतीस. नर्सबाई म्हणाल्या होत्या ना, आनंदात राहिलीस तर दूध येईल. मला वाटलं, तोवर होईल मोठा.”

तोंडाला तोंड देणाऱ्या भल्याभल्या पॅसेंजरांना गाडीतून खाली उतरवणारी बाई ही घंटी. तिने पोराला छातीशी धरले आणि कात्रीकडे अशी बघत राहिली, जणू हिला आपण कुठेतरी पाहिलेय पण कुठे ते आठवत नाही. एक थोबाडीत बसली असती तर कात्रीला बरे वाटले असते.

हलल्या त्या सासूबाई. त्यांनी मांडीवरचे वाटाणे तसेच परातीत लोटले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

“भांडायचं ते नंतर भांडा. डॉक्टर किती वेळ असतात?” त्यांनी कपाट उघडले, नर्सबाईंची चिठ्ठी बरोबर हातात घेतली. ती कुठे आहे हे त्यांना पक्के माहीत होते. “चल, ऊठ. आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? पिशवी धर. दुपटी घाल त्यात.”

बसचा कंडक्टर ओळखीचा निघाला. “काय पैलवान, कुठं निघाली स्वारी?” म्हणून त्याने चिमटीने पोराचे गाल धरले. घंटीने तोंड खिडकीकडे फिरवले. कात्री दोन बाके सोडून मागे बसली होती, पिशवी पोटाशी धरून.

*

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी पैलवानाच्या छातीला नळी लावली आणि ऐकत राहिल्या. जरा जास्तच वेळ ऐकत राहिल्या. मग त्याच्या हृदयाची तपासणी करायला आत नेले, थांबायला सांगितले, पुन्हा बोलावले.

“पिताना घाम येतो का याला? धाप लागते?”

“मला वाटलं, मेहनत करून पितो,” घंटी म्हणाली.

“हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक आहे. घाबरून जाऊ नका, पुष्कळ मुलांना असतं. पण त्यामुळे त्याची सगळी ताकद श्वास घेण्यातच जाते. दूध ओढायला उरतच नाही. तुमचं दूध कमी पडत नव्हतं, तो प्यायचा थांबत होता. आता ॲडमिट करू. औषध सुरू करू. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचं, म्हणजे ओढायची मेहनत नको. जरा अंगावर मांस आलं की ऑपरेशनचं ठरवू. बरी होतात ही मुलं.” मग त्यांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि त्यांचा आवाज थोडा बदलला. “पण मधे वजनाला का नाही नेलंत? हे तेव्हाच कळलं असतं. किती दिवस गेले फुकट.”

कात्री भिंतीपाशी उभी होती, ती पुढे झाली. “डॉक्टर, ते मी...”

“माझं चुकलं,” घंटी म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिले नाही. “मला वाटलं, वाढतोय.”

वॉर्डकडे जाणाऱ्या लांबलचक व्हरांड्यात कात्रीने तिला गाठले. “तू का स्वतःवर घेतलंस? मला सांगू द्यायचं होतंस.”

घंटी थांबली. दुपारपासून ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

“काय सांगणार होतीस? टेलरनं फसवलं म्हणून? अगं, रोज उचलते मी याला. आंघोळ घालते. सकाळ-संध्याकाळ या हातांवर असतो. माझ्या हातांना कळत नव्हतं? हलका लागायचा. रोज लागायचा. मग मी तुझं झबलं बघायची आणि हातांना म्हणायची, गप्प बसा.” तिने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतले. “म्हणून तुझं माफ झालं असं समजू नकोस. मी आई आहे म्हणून माझं चुकलं. तू कोण लागून गेलीस, माझ्या पोराला शिलाईत दाबून ठेवणारी?”

कात्रीने मान खाली घातली. घंटी पुढे निघून गेली. सासूबाई मागून हळूहळू येत होत्या. जाता जाता त्यांनी कात्रीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, “जा आता घरी.”

ती घरी गेली नाही. व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसून राहिली. रात्री पहारेकऱ्याने उठवले तेव्हा गेली, आणि सकाळी दार उघडायच्या आत परत येऊन त्याच बाकावर बसली. घंटी दोन-तीनदा तिच्यासमोरून गेली. एकदाही थांबली नाही. कात्री प्रत्येक वेळी अर्धवट उठे आणि पुन्हा बसे.

*

दुपारी सासूबाई आपल्या मुलाला, घंटीच्या नवऱ्याला, आणायला स्टँडवर गेल्या होत्या. क्रेन सोडून तो निघाला होता. वॉर्डातल्या सिस्टर एका नव्या पेशंटपाशी गुंतल्या होत्या. कुठलेसे औषध हॉस्पिटलात नव्हते, बाहेरून आणायचे होते आणि लगेच हवे होते. पैलवानाची दुधाची वेळ झाली होती. घंटी हातात वाटी धरून वॉर्डाच्या दारात आली, तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. व्हरांड्यात कात्रीशिवाय कुणी नव्हते.

“आत ये,” ती म्हणाली.

कात्री आत गेली. घंटीने तिला खाटेच्या कडेला बसवले आणि पोर तिच्या मांडीवर ठेवले. किती हलके होते ते! कापड हाताळणाऱ्या तिच्या हातांना ते वजन सहन होईना.

“डोकं वर धर. एका वेळी थोडंच. घाई करायची नाही. धाप लागली की थांबायचं. सगळं गेलं पाहिजे, किती गेलं ते डॉक्टर लिहून घेतात.” घंटी दारापर्यंत गेली आणि परत आली. “आणि सांडलं तर सांडलं म्हणून सांगायचं.”

“हो.”

चमचा ओठांना लावला की पैलवान जीभ बाहेर काढी आणि तिच्याकडे टक लावून बघे. एक चमचा. थांबायचे. दुसरा. त्याची छाती वरखाली होई, ती शांत होईपर्यंत कात्री स्वतःचा श्वास धरून बसे. इतके हळू काम तिने आयुष्यात केले नव्हते. काजे करतानाही नाही. वाटी हळूहळू खाली जात होती. अगदी तळाशी थोडे राहिले होते, आता झालेच असे तिला वाटले, आणि तेवढ्यात त्याला ठसका लागला. चमचा हलला. होते नव्हते ते दूध त्याच्या हनुवटीवरून मानेच्या घडीत गेले, तिथून तिच्या मांडीवर.

तिने त्याला उभे धरून पाठ चोळली. ठसका थांबला. तो पुन्हा डोळे उघडून बघायला लागला. ती वाटीकडे बघत राहिली. वाटी रिकामी होती. दुपटे हाताशी होते, पुसले असते तर काही राहिले नसते. पोटात गेलेले दूध आणि दुपट्यात गेलेले दूध, रिकाम्या वाटीत दोन्ही सारखेच दिसते. तिने दुपटे घेऊन फक्त त्याची मान टिपली. स्वतःच्या मांडीवरचा ओला डाग तसाच ठेवला.

घंटी औषध घेऊन धापा टाकत आली. जिना चढून आली होती. “गेलं सगळं?”

“नाही,” कात्री म्हणाली. “शेवटचं सांडलं. तीन-चार चमचे असेल. ठसका लागला, माझा हात हलला.”

घंटीने वाटीकडे पाहिले. कात्रीच्या मांडीवरच्या डागाकडे पाहिले. कात्री आपले हात पोराखालून सोडवून घ्यायला लागली, आता ती त्याला उचलून घेणार म्हणून.

घंटीने तिच्या हातातली रिकामी वाटी घेतली. “तेवढं परत द्यावं लागेल,” ती म्हणाली आणि दूध आणायला गेली. पोराला तिने कात्रीच्या मांडीवरच राहू दिले.